पॅनिकची गोळी चालू आहे, मग सीबीटी कशाला? इंदूरच्या आपल्या लोकांचे नेहमीचे प्रश्न

मी इंदूरात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करते. रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर इकडची बरीच मराठी घरं ओळखीची, त्यामुळे हळदीकुंकवाला गेलं तरी कोणीतरी बाजूला घेऊन हळूच हेच विचारतं. सीबीटी म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी, घाबरवणारे विचार आणि त्यापायी लागलेल्या सवयी बदलायला शिकवणारी थेरपी. म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकतेय. गोळ्या लिहून देणं माझं काम नाही, ते सायकियाट्रिस्टचं, तेव्हा इथलं वाचून डोस कमी-जास्त करू नका, त्यांना फोन करा.

पॅनिक डिसऑर्डर आहे असं नेमकं कधी म्हणायचं?

एखादा पॅनिक अटॅक आयुष्यात बऱ्याच जणांना येऊन जातो. एकदम भीती चढते, काही मिनिटांत टोकाला जाते, धडधड, घाम, थरथर, श्वास पुरेना, मळमळ, हातापायाला मुंग्या, आजूबाजूचं सगळं खोटं वाटायला लागतं, आणि डोक्यात एकच, आता मेलो नाहीतर आता वेड लागणार. एवढ्यावरून कोणी डिसऑर्डर म्हणत नाही. असे अटॅक परत परत यायला लागले, त्यातले काही अगदी काही कारण नसताना, टीव्ही बघत बसलेलं असताना सुद्धा, आणि त्यानंतर महिनाभर तरी माणूस पुढच्या अटॅकच्या काळजीत राहिला किंवा त्यापायी वागणं बदललं, तर मग ते पॅनिक डिसऑर्डर. वागणं बदलणं हे लोक सांगत नाहीत, विचारून काढावं लागतं. लिफ्ट सोडली, देवळात मागेच उभे राहतात, पुण्याला लग्नाला जायचं टाळलं, कारण काय तर "यंदा जमलं नाही".

मला तर हार्ट अटॅकच वाटला होता. फरक कसा ओळखायचा?

पहिल्यांदा झालं असेल तर घरी बसून ओळखायचाच नाही. १०८ ला फोन करा किंवा जवळच्या हॉस्पिटलात जा, ईसीजी काढा. चालताना-जिना चढताना छातीत दाबल्यासारखं होतं आणि थांबलं की बरं वाटतं, दुखणं हातात जबड्यात जातं, वय पन्नाशीच्या पुढे, शुगर-बीपी आहे, अशा लोकांनी तर अजिबात अंदाज बांधू नये. थायरॉइड वाढलेला असला तरी असंच धडधडतं, म्हणून टीएसएच, हिमोग्लोबिन, शुगर या साध्या तपासण्या सुरुवातीलाच करून घ्याव्यात.

पण एकदा नीट तपासणी झाली आणि डॉक्टर म्हणाले हार्ट ठीक आहे, की मग तिथे थांबायचं. आमच्याकडे लोक फाइल घेऊन येतात, त्यात ईसीजी, टूडी इको, परत ईसीजी, दुसऱ्या लॅबमधून परत तेच, सगळं नॉर्मल, आणि दर नॉर्मल रिपोर्टनंतर आठवडाभर शांतता की पुन्हा सुरू. आता ही तपासणी म्हणजे आजाराचाच भाग झालेली असते, आणि हे मी फाइल आणणाऱ्याला तोंडावर सांगते. नवीन किंवा वेगळंच काही जाणवलं तर मात्र परत दाखवायचं.

गोळीने बरं वाटून राहिलंय, तर मग थेरपी कशाला?

हाच मुख्य प्रश्न, त्यामुळे जरा लांब लिहिते.

पॅनिकमध्ये होतं असं की जिना चढून जरा धडधड झाली, किंवा रात्री जागरण झालं म्हणून हलकी चक्कर आली, तर डोकं लगेच म्हणतं "काहीतरी होतंय". या विचारानेच अ‍ॅड्रिनलिन वाढतं, धडधड दुप्पट, श्वास भरभर. भरभर श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यामुळे ओठाभोवती आणि बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, आणि गंमत म्हणजे ऑक्सिजन भरपूर असताना गुदमरल्यासारखं वाटतं. मग माणूस म्हणतो बघा, खरंच होतंय. असं ते चक्र. डेव्हिड क्लार्क या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये ते मांडलं आणि आजही थेरपी त्याच्यावरच उभी आहे. शेजारच्या कारवर मांजर बसलं तरी अलार्म बोंबलतो ना, तसं, अलार्म खरा असतो पण चोर नसतो.

गोळी, म्हणजे सर्ट्रालिन, एस्सिटॅलोप्राम, पॅरॉक्सेटिन या जातीची, या अलार्मचा संवेदनशीलपणा कमी करते. अटॅक कमी येतात, आले तर हलके येतात, झोप लागते, माणूस ऑफिसला जायला लागतो. हे काही थोडंथोडकं नाही, मी गोळीच्या विरोधात मुळीच नाही. पण "धडधड म्हणजे धोका" हे जे डोक्यात बसलंय ते गोळी स्वतःहून काढत नाही. लिफ्ट टाळायची सवयही तशीच राहते. आणि बरं वाटलं त्याचं श्रेय सगळं गोळीला जातं, म्हणजे उद्या गोळी बंद करायची म्हटली की माणूस आतून हादरतो, आता माझं कसं होणार. ज्याला वाटतं मी गोळीमुळे बरा आहे त्याचं गोळी सुटल्यावर परत बिघडतं, आणि ज्याला वाटतं मी हे करायला शिकलो तो टिकतो, हे आमच्या कामात इतक्या वेळा दिसतं की मी पहिल्या भेटीतच सांगून टाकते, गोळी चालू आहे तोपर्यंत शिकून घ्या.

यावर मोठा अभ्यासही झालाय. २००० साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये बार्लो, गॉर्मन, शिअर आणि वुड्स यांनी ३१२ पेशंट्सचा ट्रायल छापला. काहींना नुसती सीबीटी, काहींना नुसती इमिप्रामिन नावाची जुनी गोळी, काहींना दोन्ही, काहींना खोटी गोळी, आणि काहींना सीबीटीबरोबर खोटी गोळी. पहिले तीन महिने दर आठवड्याला उपचार, मग सहा महिने महिन्यातून एकदा, मग सगळं बंद करून पुढचे सहा महिने नुसतं बघायचं. उपचार चालू होते तोवर दोन्ही एकत्र घेणारे पुढे होते, पहिल्या तीन महिन्यांत थोडेच, नंतर जास्त. पण सगळं बंद केल्यावर चित्र पालटलं, ज्यांनी खरी गोळी न घेता सीबीटी केली होती त्यांचंच जास्त टिकलं.

मग गोळी घेऊच नये असं म्हणायचंय का?

नाही नाही, असा अर्थ लगेच काढू नका. अटॅक सौम्य आहेत, माणूस कामावर जातो, दर आठवड्याला यायची तयारी आहे, तर नुसत्या सीबीटीने सुरुवात करता येते. पण ज्याची झोप गेलीय, जेवण सुटलंय, बरोबर डिप्रेशन आहे, बाथरूमला जायचं तरी दाराबाहेर कोणीतरी उभं लागतं, त्याला मी वही-पेन देऊन विचार लिहा म्हटलं तर तो लिहिणार कसा? तिथे गोळी आधी. आणि डिप्रेशनमध्ये जगायचं नाही असे विचार येत असतील तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं किंवा १४४१६ या सरकारी हेल्पलाइनला फोन करायचा.

त्या ट्रायलमधून मी शिकले ते एवढंच की दोन्ही एकत्र चालू असतील तर शेवटचा टप्पा, म्हणजे गोळी कमी करायचा काळ, थेरपीशिवाय जाऊ देऊ नये. आपल्याकडे नेमकं उलटं होतं, दोन महिन्यांत बरं वाटलं की लोक आधी थेरपी बंद करतात, का तर फी लागते, आणि गोळी एकटी राहते.

सीबीटीत करतात काय? नुसत्या गप्पाच ना?

असं म्हणणाऱ्याला मी खुर्चीवर बसवून गोल फिरवते, मग बोलू.

खरंच सांगते. पहिल्या एक-दोन भेटींत वरचं चक्र त्याच्या स्वतःच्या शेवटच्या अटॅकवर मांडायचं, कधी काय जाणवलं, काय वाटलं, काय केलं. मग घाबरवणारे विचार तपासायचे. उदाहरणार्थ "मी चक्कर येऊन पडेन". माणूस बेशुद्ध पडतो तो बहुतेक वेळा बीपी खाली गेल्यावर, आणि पॅनिकमध्ये बीपी वर जातं, म्हणून पॅनिकमध्ये प्रत्यक्ष पडणारे फार क्वचित. आजवर किती अटॅक आले? पुष्कळ. किती वेळा पडलात? त्यावर शांतता. (रक्त बघून पडणाऱ्यांची गोष्ट वेगळी, त्यांचं बीपी खरंच उतरतं.)

आणि मग येतो तो भाग ज्याला लोक टरकतात. मुद्दाम ती लक्षणं आणायची. एक मिनिट जागच्या जागी पळायचं म्हणजे धडधड होते. खुर्चीत गोल फिरायचं म्हणजे चक्कर. ज्यूसची बारीक स्ट्रॉ तोंडात धरून, नाक दाबून श्वास घ्यायचा, म्हणजे ते गुदमरणं. एक काकू होत्या, स्ट्रॉ बघूनच हात जोडायला लागल्या, "अगं बाई, मी मरेन". दहा सेकंदांत स्ट्रॉ फेकली. पुढच्या वेळी थोडं जास्त, मग मी घड्याळ धरलेलं आणि त्या डोळे मिटून श्वास घेतायत, पूर्ण मिनिट झालं, स्ट्रॉ काढली आणि म्हणाल्या "हे तर तेच आहे गं, अटॅकमध्ये होतं तेच". मी काही समजावलं नव्हतं, त्यांनाच कळलं. नंतर घरी रोज करायचं, कंटाळा येईपर्यंत, कारण कंटाळा येणं हीच तर आम्हाला हवी असलेली खूण.

हार्टचा आजार, दमा, फिट्स, प्रेग्नन्सी असेल तर हे व्यायाम डॉक्टरांना विचारल्याशिवाय करायचे नाहीत, आणि पहिल्यांदा एकट्याने व्हिडिओ बघून तर नाहीच.

बाहेर जायची भीती कशी काढतात?

पायऱ्या करून. सोप्यापासून अवघडापर्यंत यादी, आणि ती प्रत्येकाची वेगळी. आपल्या इंदूरातली एक साधारण अशी असते: आधी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत एकटं, मग दुपारी सिटी बसने दोन स्टॉप, मग छप्पन दुकानला संध्याकाळी, मग खजराण्याच्या गणपतीला बुधवारी, मग रात्री सराफ्यात अगदी आत, जिथून पटकन बाहेर पडता येत नाही. सगळ्यात वर काय तर रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, राजवाड्यासमोर, वरून गुलाल आणि पाण्याचे फवारे, मागे-पुढे माणसंच माणसं. ती पायरी सगळ्यांनी चढलीच पाहिजे असं नाही हं, मला स्वतःला ती गर्दी आवडत नाही. रात्रीच्या बसने पुण्याला जाणं हीसुद्धा बऱ्याच जणांची वरची पायरी असते, सेंधव्याच्या पुढे बिजासन घाटात ट्रकांच्या रांगेत बस अडकली तर काय, हा विचार.

नियम एकच, भीती वाढली की पळून यायचं नाही, ती थोडी उतरेपर्यंत किंवा ज्याची भीती होती ते झालं नाही हे दिसेपर्यंत तिथेच थांबायचं. आणि रोज. महिन्यातून एकदा हिंमत करून गेलात तर त्याचा काही उपयोग नाही.

मी अल्प्राझोलम खिशात ठेवतो, खात नाही, नुसती ठेवतो. चालेल ना?

अल्प्राझोलम म्हणजे लगेच शांत करणारी गोळी, आणि इथेच तर सगळी गोम आहे. खिशातली पट्टी, हातातली पाण्याची बाटली, नवऱ्याला बरोबर नेणं, थिएटरमध्ये दाराजवळची सीट, याला आम्ही सेफ्टी बिहेवियर म्हणतो. सराफा फिरून आलात पण पट्टी खिशात होती, तर डोकं म्हणणार वाचलो ते पट्टीमुळे. म्हणजे गेलात, घाबरलात, सगळी मेहनत झाली आणि शिकणं शून्य. म्हणून पायऱ्या चढताना एक पायरी अशीही असते की तेच सगळं, पण पट्टी घरी कपाटात.

रोज खात असाल तर गोष्ट वेगळी आणि जास्त महत्त्वाची. अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम अर्ध्या-एक तासात आराम देतात म्हणून आवडतात, पण यांची शरीराला सवय लागते, हळूहळू डोस पुरेनासा होतो, आणि एक्सपोजरच्या वेळी, म्हणजे वरच्या व्यायामांत आणि पायऱ्यांत भीतीला मुद्दाम सामोरं जाताना, भीतीच जाणवली नाही तर मेंदू शिकणार कशातून. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या गाइडलाइनमध्ये पॅनिक डिसऑर्डरला या गोळ्या देऊ नयेत असंच लिहिलंय. आपल्याकडे सायकियाट्रिस्ट कधीकधी दुसरी गोळी लागू पडेपर्यंत थोडे आठवडे देतात, ते समजण्यासारखं आहे. पण मेडिकलवाल्या ओळखीच्या भियाकडून वर्षानुवर्षं आणणं हे समजण्यासारखं नाही, अल्प्राझोलम शेड्यूल एच-१ मध्ये आहे, प्रिस्क्रिप्शनशिवाय द्यायला बंदी आहे. आणि रोजची चालू असेल तर हे वाचून आज रात्री अचानक बंदही करू नका, फिट येऊ शकते. डॉक्टर हळूहळू उतरवतात, आणि त्या काळात सीबीटी चालू असेल तर सुटायला खूप मदत होते.

सर्ट्रालिन सुरू केली आणि आधीपेक्षा जास्त घाबरायला होतंय. गोळी चुकली का?

बहुतेक नाही. पहिले एक-दोन आठवडे अशा गोळ्यांनी अस्वस्थपणा, मळमळ, पातळ शौच, झोप उडणं होतं, आणि पॅनिकवाला माणूस शरीरातल्या जरा जरा गोष्टीवर कान लावून बसलेला, त्याला ते दहापट वाटतं. म्हणूनच पॅनिकमध्ये डॉक्टर कमी डोसने सुरू करतात, सर्ट्रालिन बऱ्याचदा २५ मिलिग्रॅमने. फरक दिसायला दोन-चार आठवडे, पूर्ण परिणामाला दोन-तीन महिने सुद्धा लागतात. लोक आठव्या दिवशी गोळी फेकतात आणि म्हणतात मला सूट झाली नाही. फेकायच्या आधी डॉक्टरांना फोन करा, डोस अर्धा करता येतो, वेळ बदलता येते. तरुण मुलांमध्ये, पंचविशीच्या आतल्या, सुरुवातीला फार चिडचिड किंवा जिवाचं बरं-वाईट करायचे विचार आले तर मात्र वाट बघत बसायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. सेक्सची इच्छा कमी होणं हेही होतं, लाजून कोणी सांगत नाही आणि मग गुपचूप गोळी बंद करतात, सांगा की, त्यावर उपाय असतात.

या गोळ्यांची सवय लागते का? किती दिवस घ्यायच्या?

सर्ट्रालिन-एस्सिटॅलोप्रामची अल्प्राझोलमसारखी ओढ लागत नाही, डोस वाढवत न्यावासा वाटत नाही. पण एकदम बंद केल्या तर चक्कर, डोक्यात करंट लागल्यासारखं, बेचैनी, विचित्र स्वप्नं असं काही दिवस होतं. आणि हे सगळं पॅनिकसारखंच दिसतं! माणूस म्हणतो बघा, गोळी सोडली की आजार परत, आणि घाबरून पुन्हा सुरू करतो. बऱ्याचदा तो आजार नसतो, गोळी सुटण्याची लक्षणं असतात. साधारण बरं वाटायला लागल्यावर सहा महिने ते वर्षभर चालू ठेवून मग हळूहळू कमी करतात, परीक्षा, लग्न, घर बदलणं असल्या धामधुमीत नाही. कमी करताना स्ट्रॉ, खुर्ची, पायऱ्या सगळं परत एकदा करून घ्यायचं, चक्कर आली तरी ती कशाची हे तेव्हा ओळखता येतं.

सीबीटीला किती वेळ लागतो?

नाइसप्रमाणे एकूण ७ ते १४ तास, साधारण आठवड्याला एक भेट, म्हणजे तीन-चार महिने. घरचा अभ्यास केला तर. नाही केला तर कितीही.

प्राणायाम करतो रोज, तो पुरेल का?

सावकाश श्वास, श्वास सोडायला जास्त वेळ, हे चांगलंच. पण दोन गोष्टी. कपालभाती-भस्त्रिकासारख्या जोरात करायच्या प्रकारांनी काही जणांना मुंग्या आणि चक्कर येऊन अटॅकसारखं होतं, तसं झालं तर घाबरून सोडू नका, मला सांगा, तो आयता एक्सपोजर मिळाला. दुसरं, धडधड झाली की लगेच डोळे मिटून श्वास मोजायला बसणं, हेसुद्धा खिशातल्या पट्टीसारखंच होऊन बसतं.

चहा-कॉफी, दारू?

चहा एकदम सोडायची गरज नाही, कमी करा. कॉफी आणि एनर्जी ड्रिंकने धडधड वाढते हे खरं. दारूने रात्री बरं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पॅनिक जास्त, शिवाय अल्प्राझोलमबरोबर दारू म्हणजे श्वासच मंदावण्याचा धोका, त्यात "थोडीशी" वगैरे काही नसतं.

आमच्या ह्यांना अटॅक आला की मी काय करू?

वहिनी, आधी तुम्ही घाबरू नका, निदान तसं दाखवू नका. पाय चोळणं, कांदा हुंगवणं, शेजाऱ्यांना हाका मारणं, "काही होत नाही हो तुम्हाला" असं वीस वेळा म्हणणं, याने त्यांना वाटतं काहीतरी होतंय खरं. शेजारी बसा, साध्या आवाजात म्हणा "आलाय, जाईल, मी इथेच आहे". आणि दर वेळी त्यांच्याऐवजी बँकेत तुम्ही जाणं, मुलाला ऑफिस सोडून बोलावणं, हे हळूहळू कमी करा, थेरपिस्टशी ठरवून, एकदम अंगावर नाही. सासूबाईंना दृष्ट काढायचीय तर काढू द्या, गोळी बंद करायला सांगितलं तर मात्र ठाम राहा.

गर्भवती आहे, गोळी बंद करू?

स्वतःहून नको. फोन करा, त्याच आठवड्यात, सायकियाट्रिस्ट आणि गायनॅक दोघांना. काही गोळ्या चालू ठेवता येतात, काही बदलतात, आणि सीबीटीला या काळात चांगलं स्थान आहे, वर सांगितलेले व्यायाम तेवढे बघून.

इंदूरात जायचं कुठे? आणि मराठीत बोलणारं कोणी मिळेल का?

गोळीसाठी सायकियाट्रिस्ट, म्हणजे एमबीबीएस करून पुढे मानसोपचारात एमडी किंवा डीपीएम केलेले. सरकारीत एमजीएम मेडिकल कॉलेजचा मानसोपचार विभाग आणि बाणगंगेचं मानसिक रुग्णालय आहे. बाणगंगा म्हटलं की आपल्या लोकांचे चेहरे पडतात, पण तिथे ओपीडीत दाखवून घरी परत येता येतं, सगळ्यांना भरती करत नाहीत. थेरपीसाठी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, एम.फिल. केलेले आणि रिहॅबिलिटेशन कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर असलेले, तो नंबर सरळ मागा, खरा माणूस रागवत नाही. पहिल्या भेटीतच विचारा, तुम्ही पॅनिकसाठी एक्सपोजर करता का. "बघू, बोलू या, मन मोकळं करा" एवढंच उत्तर आलं तर दुसरीकडे जा.

मराठी थेरपिस्ट इथे मिळतात पण कमी, हिंदीत करायला हरकत नाही, आपण भाजीवाल्याशी जसं बोलतो तसंच. आजी-आजोबांना मराठीच हवी असेल तर पुण्या-मुंबईच्या थेरपिस्टकडे व्हिडिओवर होतं. टेलिमानस ही केंद्र सरकारची हेल्पलाइन, १४४१६, २०२२ च्या ऑक्टोबरपासून चालू आहे, फुकट, मराठीतही बोलता येतं, पण ती सीबीटीच्या जागी नाही, अडचणीच्या वेळी आणि कुठे जायचं हे विचारायला.

दोन्हीकडे जायचं तर डॉक्टर आणि थेरपिस्ट एकमेकांशी बोलतात का?

बोलायला पाहिजे, नेहमी बोलतातच असं नाही. एक वही ठेवा, तारीख, गोळीचं नाव-डोस, अटॅक कधी आला, तेव्हा कुठे होतात, पायरी कोणती चालू आहे. दोघांनाही तीच दाखवा. डोस बदलला तर मला त्याच आठवड्यात कळायला हवं, नाहीतर मी समजते पेशंट व्यायामाने सुधारला आणि ते समजतात गोळीने.